वनस्पतींतली सूक्ष्म द्रव्ये आणि अवरक्त किरण



हिंजवडी म्हटले की आज डोळ्यांपुढे येतात त्या काचेच्या उंच इमारती, संगणकाच्या कंपन्या आणि संध्याकाळची वाहनांची रांग. पण हे गाव मूळचे मुळशी तालुक्यातले. येथून माण, घोटवडे, पौड करीत पश्चिमेकडे निघाले की तासा-दोन तासांत घाटमाथा लागतो, आणि तेथून दक्षिणेला महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, थेट आंबोलीपर्यंत सह्याद्रीची ओली, सदाहरित राने पसरलेली आहेत. या रानांत एक लहानसे झाड वाढते. त्याचे नाव नरक्या. फुलांना उग्र, नकोसा वास येतो म्हणून हे नाव. शास्त्रज्ञांनीही त्याला पूर्वी जे लॅटिन नाव दिले होते त्यात ‘फोएटिडा’ हा शब्द होता, आणि त्याचा अर्थ दुर्गंधी असाच. आता त्याला ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ म्हणतात. गंमत अशी, की याच झाडाला काही भागांत अमृता असेही म्हणतात. एकाच झाडाला नरकाचे नाव आणि अमृताचेही! त्यात पुन्हा वैद्यमंडळी गुळवेलीलाही अमृता म्हणतात. ती अगदी वेगळी वेल. तेव्हा नुसत्या नावावर विसंबले तर काय घोटाळा होईल हे सांगायला नको.

या नरक्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचे एक द्रव्य असते. त्यापासून कर्करोगावरची औषधे होतात. म्हणून गेली कित्येक वर्षे कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा या जिल्ह्यांतल्या रानांतून हे झाड चोरून तोडले गेले. वनखात्याने पकडलेल्या पोत्यांच्या बातम्या आपण वाचल्या असतील. आता मला सांगा, असे एक पोते समोर आहे. त्यात लाकडाच्या ढलप्या आहेत. त्या नरक्याच्याच कशावरून? आणि नरक्याच्या असल्या तरी त्यांत ते औषधी द्रव्य आहे की नाही, हे कसे ठरवायचे? किलोभर वाळलेल्या लाकडात ते द्रव्य एखादा ग्रॅम मिळाले तर पुष्कळ. बाकी सगळा काष्ठभाग, डिंक, राळ, रंग आणि आणखी शेकडो पदार्थ. इतक्या पसाऱ्यातून चिमूटभर द्रव्य काढायचे आणि ‘हेच ते’ असे खात्रीने म्हणायचे. हे ज्या साधनाने फार सोपे केले, त्याविषयी आज बोलायचे आहे. ते साधन म्हणजे अवरक्त किरणांचा वर्णपट.

पूर्वी हे काम कसे चाले ते पाहिले म्हणजे या साधनाचे मोल कळेल. कोकणात काजऱ्याचे झाड सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या बिया म्हणजे कुचला. त्यातले कडू जहर, स्ट्रिक्नीन, हे 1818 साली फ्रान्समध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघांनी शुद्ध रूपात वेगळे केले. पण त्याच्या रेणूत कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, हे कळायला 1946 साल उजाडावे लागले. एकशे अठ्ठावीस वर्षे! रसायनज्ञांच्या चार-पाच पिढ्या त्यात खपल्या. कारण तेव्हाची रीतच अशी होती की पदार्थ आम्लात उकळायचा, जाळायचा, तोडायचा, आणि जे तुकडे हाती येतील त्यांवरून मूळ वस्तूचा अंदाज बांधायचा. घड्याळ हातोड्याने फोडून त्यातल्या चाकांवरून घड्याळ कसे चालत असेल ते ताडावे, तसा हा प्रकार. यात पदार्थ ग्रॅम-ग्रॅमने खर्ची पडे. कुचल्याच्या बिया मुबलक होत्या म्हणून निभावले. ज्या वनस्पतीत द्रव्य कणभरच आहे, तिच्या बाबतीत एक तर रान साफ करा, नाही तर प्रश्न सोडून द्या, एवढेच दोन मार्ग उरत.

आता अवरक्त किरण म्हणजे काय? चुलीतला जाळ विझला आणि निखारेही काळे पडत आले, तरी हात जवळ नेला की ऊब लागते. उजेड दिसत नाही, पण काहीतरी आपल्यापर्यंत पोचते. हे न दिसणारे किरण विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने 1800 साली इंग्लंडमध्ये ओळखले. त्याने सूर्याचा प्रकाश लोलकातून सोडून सात रंगांचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, पारा अधिक चढला. तांबड्याच्या अलीकडचे, म्हणजे त्याहून सावकाश कंप पावणारे, म्हणून ते अवरक्त. घरातला दूरचित्रवाणीचा रिमोट याच जातीचे किरण सोडतो.

हे किरण आणि झाडाच्या सालीतले द्रव्य यांचा संबंध काय, असे आपण विचाराल. रेणू ही काही दगडासारखी निश्चल वस्तू नव्हे. अणू एकमेकांना जोडलेले असतात ते जणू लवचीक स्प्रिंगांनी, आणि ते सतत हलत असतात. दोन अणू जवळ येतात, दूर जातात, डुलतात, वाकतात. प्रत्येक जोडीचा हलण्याचा वेग ठरलेला असतो. हलके अणू घाईने हलतात, जड अणू संथ. जोड घट्ट असेल तर हालचाल जलद. तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो, तोच न्याय. हा वेग किती? हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीचे घ्या. दर सेकंदाला एक कोटी गुणिले एक कोटी, जवळपास इतके हेलकावे!

आणि योगायोग असा की अवरक्त किरणांच्या कंपनांचा वेगही याच घरातला आहे. अंगणातल्या झोपाळ्याला आपण झोका देतो तेव्हा तो परत येण्याच्या वेळेवर ढकलले तरच झोका चढतो. भलत्या वेळी ढकलले तर नुसता धक्का बसतो. तसेच येथे. ज्या किरणाचा वेग अणूंच्या जोडीच्या वेगाशी जुळेल तेवढाच किरण ती जोडी शोषून घेते. बाकीचे आरपार निघून जातात. आपण आत्ता माझे भाषण ऐकत आहात तेही याच तत्त्वावर. हवेत अनेक केंद्रांच्या लहरी आहेत, पण आपल्या रेडिओने जिच्याशी जुळवून घेतले तेवढीच तो उचलतो. मात्र रेडिओ एका वेळी एकच केंद्र लावतो, आणि रेणू आपल्या सगळ्या जोड्यांची सगळी केंद्रे एकदम लावून बसलेला असतो.

मग करायचे ते एवढेच. पदार्थातून अवरक्त किरण सोडायचे आणि कोणकोणते किरण वाटेत गडप झाले ते कागदावर उतरवून घ्यायचे. कागदावर एक नागमोडी रेघ उमटते. वरून चाललेली रेघ मध्येच खाली खोल दरीत उतरते, पुन्हा वर येते. प्रत्येक दरी म्हणजे एकेका जोडीची सही. दरीची जागा आकड्यात सांगतात. एका सेंटिमीटरमध्ये किरणाच्या किती लहरी मावतात, तो हा आकडा. 4000 पासून 400 पर्यंतची पट्टी साधारणपणे वापरतात. त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी 3200 ते 3600 च्या दरम्यान बोलते. कार्बन आणि ऑक्सिजन यांची दुहेरी जोडी 1650 ते 1800 मध्ये, आणि ती फार ठसठशीत बोलते. 1500 च्या खालचा भाग मात्र गुंतागुंतीचा. तेथे रेणूचा सगळा सांगाडाच एकत्र डुलत असतो, म्हणून एकेक दरी वाचता येत नाही. पण त्या भागाचा एकंदर नमुना प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा असतो. सात-बाराच्या कामी अंगठा उठवतात ना, तसा तो अंगठाच. दोन शुद्ध नमुन्यांच्या रेघा येथे तंतोतंत जुळल्या तर वस्तू एकच, असे मानायला हरकत नाही.

1905 साली अमेरिकेत कोब्लेन्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने अनेक पदार्थांच्या अशा रेघा मोजून छापल्या. तेव्हा एकेका रेघेसाठी तासन्‌तास अंधारात बसून बिंदू-बिंदू टिपावा लागे. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनची रचना शोधताना या पद्धतीचा मोठा उपयोग झाला, यंत्रे तयार मिळू लागली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली.

किती पदार्थ लागतो? तांदळाच्या एका दाण्याचे वजन धरा वीस मिलिग्रॅम. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे एक-दोन मिलिग्रॅम पदार्थ पुरतो. तो पोटॅशियम ब्रोमाइड या क्षाराच्या शंभरपट भुकटीत खलायचा आणि दाबयंत्रात दाबून काचेसारखी पारदर्शक टिकली करायची. आता तर हिऱ्याच्या बारीक पृष्ठावर नुसता कण दाबून धरला तरी काम होते, आणि काम झाल्यावर तो कण जसाच्या तसा परत काढून घेता येतो. सूक्ष्मदर्शक जोडलेले यंत्र असेल तर डोळ्यांना जेमतेम दिसणारा कणही चालतो. घड्याळ न फोडता, कानाशी धरून त्याची टिकटिक ऐकण्याचा हा मार्ग आहे.

येथे एक मजेची गोष्ट सांगतो. या कामाला साधी काच चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. म्हणून यंत्राच्या खिडक्या आणि नमुना ठेवायच्या चकत्या कशाच्या करीत असत, ठाऊक आहे? मिठाच्या! आपल्या स्वयंपाकातले मीठ, त्याचेच मोठे निर्मळ स्फटिक कापून, घासून केलेल्या चकत्या. आणि मिठाला पावसाळ्यात काय होते हे घरातल्या बायकांना विचारा. आपल्याकडे जून महिना लागला की या चकत्यांना घाम फुटे, त्या धुरकट होत. मग त्यांना दिव्याच्या उबेत किंवा ओल शोषणाऱ्या भुकटीच्या डब्यात ठेवायचे, आणि नुसत्या बोटाने स्पर्श करायचा नाही. पोटॅशियम ब्रोमाइडचीही तीच तऱ्हा. शिवाय पाणी स्वतःच अवरक्त किरण अधाशासारखे शोषते. नमुना ओला असेल तर कागदावर पाण्याचीच सही उठते आणि बाकीचे सारे तिच्याखाली बुडते. विज्ञानाच्या पुस्तकात अशा गोष्टी फारशा येत नाहीत, पण प्रयोगशाळेतला अर्धा वेळ त्यांतच जातो.

आता आपल्याच मुलखातले एक काम पाहू. हिंजवडीहून पुण्याच्या दिशेने येताना पाषाण लागते. तेथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. 3 जानेवारी 1950 या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. तेथे डॉ. शशांकचंद्र भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी, त्यांत केळकर, राव, पॉल ही मंडळी होती, भारतातल्या सुगंधी तेलांचा अभ्यास करीत होते. आपल्या घरी खोकल्यावर कोष्ठ-कोळिंजन उगाळून देतात. त्यातले कोष्ठ म्हणजे काश्मीरकडच्या उंच डोंगरांत होणाऱ्या एका वनस्पतीचे मूळ. त्याच्या तेलाला अत्तराच्या धंद्यात फार मागणी असे. तेल काढायची जुनी रीत म्हणजे ऊर्ध्वपातन: तापवायचे, वाफ करायची, वाफ थंड करून तेल गोळा करायचे. पाषाणच्या मंडळींनी उष्णता टाळून, द्रावकाने अर्क काढून, मूळात खरोखर काय आहे ते पाहिले, आणि 1960 साली कॉस्ट्युनोलाइड नावाच्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याच्या वर्णपटात 1760 च्या आसपास एक खोल दरी आहे. पाच अणूंच्या कड्यात कोंडलेली कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी जोडी तेथे बोलते. अशा कड्याला लॅक्टोन म्हणतात. कडे लहान, म्हणून जोड ताणलेली, म्हणून स्वर चढा.

आणि यातूनच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. कोष्ठाच्या तेलात पूर्वी सापडलेले एक द्रव्य मूळचे त्या मुळीतले नव्हेच. त्याच्याशी नाते असलेल्या दुसऱ्याच द्रव्याचा सांगाडा तापवताना बदलतो आणि ते तयार होते. म्हणजे शोधणाऱ्याने तापवले म्हणून ते दिसले! आमच्या खेड्यातली वैदू मंडळी काही मुळ्या उकळायच्या नाहीत, थंड पाण्यातच उगाळायच्या, असे बजावतात. प्रत्येक वेळी त्यामागे कारण असेलच असे मी म्हणणार नाही. पण उष्णतेने वनस्पतीतली द्रव्ये रूप पालटतात, एवढे निश्चित. अवरक्त किरणांची पद्धत या बाबतीत फार सौम्य. ती पदार्थाला न तापवता, न तोडता बघते. कोष्ठाची वनस्पती स्वतः मात्र या साऱ्या मागणीत इतकी विरळ झाली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत.

हेच नरक्याचे होऊ नये, असे मला वाटते. म्हणून त्याच्याकडे परत येऊ.

कॅम्प्टोथेसिन प्रथम सापडले ते नरक्यात नव्हे, तर चीनमधल्या एका झाडात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात वॉल आणि वाणी या दोघा शास्त्रज्ञांनी 1966 साली ते जाहीर केले. यातले मनसुख वाणी हे आपल्या महाराष्ट्रातले, नंदुरबारचे, आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. चिनी झाडाच्या सालीत हे द्रव्य फारच अल्प होते. दहा किलो सालीतून ग्रॅमभर मिळायचीही मारामार. 1972 साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी दाखवून दिले की आपल्या घाटातल्या नरक्यात हेच द्रव्य आहे, आणि ते चिनी झाडाच्या दहापट किंवा त्याहून अधिक आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट. झाडाच्या दृष्टीने म्हणाल तर त्याच दिवशी त्याच्यावर कुऱ्हाडीची खूण पडली.

‘हेच द्रव्य’ असे म्हणताना आधार काय असतो, ते पाहा. फिक्कट पिवळे स्फटिक मिळतात. त्यांचा अवरक्त वर्णपट काढला की 3430 च्या आसपास ऑक्सिजन-हायड्रोजनची सही दिसते. 1750 च्या आसपास लॅक्टोनची दरी दिसते. येथले कडे सहा अणूंचे, म्हणून कोष्ठाच्या द्रव्यापेक्षा स्वर जरा उतरता. 1660 जवळ आणखी एक दरी, ती नायट्रोजनला लागून असलेल्या कार्बन-ऑक्सिजनची. आणि खालच्या भागात तो अंगठ्याचा ठसा. वॉल आणि वाणी यांच्या पदार्थाशी हे सारे जुळले, इतर कसोट्याही जुळल्या, की मग शंका राहत नाही. समुद्रापलीकडच्या दोन प्रयोगशाळा, दोन निराळ्या कुळांतली झाडे, आणि ओळख पटते ती कागदावरच्या एका रेघेने.

या 1750 च्या दरीची एक दुःखद कथाही आहे. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, तेव्हा रोग्याला टोचायचे कसे? म्हणून 1970 च्या सुमारास अमेरिकेत त्याचे सोडियमचे लवण करून रोग्यांवर चाचण्या घेतल्या. लवण करताना ते लॅक्टोनचे कडे उघडते. वर्णपटात 1750 ची दरी नाहीशी होते आणि 1600 च्या बाजूला दुसरी उमटते. रसायनज्ञांना कडे उघडल्याचे ठाऊक होते. पण औषधाचे सारे बळ त्या बंद कड्यातच आहे, याची कल्पना तेव्हा नव्हती. औषधाचा गुण फारसा आला नाही, उलट रोग्यांच्या मूत्राशयाला इजा झाली, आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. मूत्राशयातल्या आम्लात कडे पुन्हा मिटते आणि द्रव्य नको तेथे जागे होते, हा त्याचा उलगडा. पुढे 1985 साली हे द्रव्य पेशीत नेमके कोठे घाव घालते ते कळले. मग कडे शाबूत ठेवून पाण्यात विरघळणारी रूपे तयार झाली. त्यांतले इरिनोटेकान 1994 साली जपानमध्ये आणि टोपोटेकान 1996 साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. आज मोठ्या आतड्याच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगावर ती वापरतात. आपल्यापैकी कोणाच्या घरच्या माणसालाही ती दिली गेली असतील. रेणूतले एक कडे उघडे की मिटलेले, एवढ्यावर औषध आणि अपाय यांतला फरक ठरला.

आता या पद्धतीच्या मर्यादा. त्या न सांगता पुढे गेलो तर शिक्षक मंडळी मला क्षमा करणार नाहीत. वारीत हजारो माणसे एकदम अभंग म्हणत असताना त्यातला एक आवाज वेगळा ऐकू येईल काय? नरक्याच्या सालीची सरळ भुकटी यंत्रात घातली तर लाकडाच्या तंतूंचा गजर ऐकू येतो. हजारात एक भाग असलेले द्रव्य त्यात हरवून जाते. म्हणून आधी वेगळे करायचे, मग ओळखायचे. वेगळे करण्याची रीत म्हणजे वर्णलेखन. टिपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन टोक पाण्यात बुडवले की शाईतले रंग निरनिराळ्या उंचीवर चढतात, हे मुलांनी शाळेत पाहिलेले असते. तेच तत्त्व. आणि ‘किती आहे’ हे नेमके मोजायचे असेल तर आज वर्णलेखनाचीच सुधारलेली यंत्रे पुढे आहेत. रेणूची पुरी रचना लावायची तर चुंबकीय आणि क्ष-किरणांच्या पद्धतींची साक्ष लागते. अवरक्त वर्णपट हा पंचांतला एक पंच, पण लवकर येणारा आणि थोडक्या खर्चात येणारा.

त्याचा एक धाकटा भाऊ मात्र शेतकऱ्यांच्या अधिक कामाचा आहे. तांबड्या रंगाला अगदी लागून असलेले जे जवळचे अवरक्त किरण, ते पदार्थात खोलवर शिरतात आणि नमुना न दळता, न विरघळवता काम होते. धान्यातली प्रथिने, ओलावा, उसाच्या रसातली साखर यांचा अंदाज या किरणांनी क्षणात घेतात. पण हे यंत्र आपणहून शहाणे नसते. आधी शेकडो नमुने दुसऱ्या खात्रीच्या रीतीने मोजून त्याला शिकवावे लागते, आणि एका मुलखात शिकवलेले दुसऱ्या मुलखात चालेलच असे नाही. विक्रेता सांगतो की बटण दाबा आणि उत्तर घ्या. तसे नसते, एवढे लक्षात असू द्यावे.

नरक्याच्या बाबतीत खरी गरज येथेच आहे. सगळ्या झाडांत द्रव्य सारखे नसते. एका झाडात भरपूर तर शेजारच्यात बेताचे. तोडणारा मात्र सगळीच तोडतो, कारण कोणते झाड कसे आहे हे त्याला माहीत नाही आणि त्याची पर्वाही नाही. उलट, बोटाएवढ्या फांदीचा तुकडा घेऊन झाड उभे असतानाच त्याची परीक्षा झाली, तर चांगल्या झाडाच्या बिया गोळा करून रोपे लावता येतील, आणि लागवडीचा माल आला की रानातल्या झाडावरचा भार हलका होईल. काही मिलिग्रॅमवर भागणारी परीक्षा हाताशी असताना परीक्षेसाठी झाड पाडणे हे मला तरी अज्ञानाचे लक्षण वाटते. 2005 साली जम्मूच्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी काढून दाखवली. ती स्वतःच हे द्रव्य अल्प प्रमाणात तयार करते. बुरशीच्या हंड्यांतून औषध काढायचा मार्ग अजून व्यवहारात आलेला नाही, पण तेथेही पहिला प्रश्न हाच होता, की कणभर मिळालेले ते द्रव्य खरोखर कॅम्प्टोथेसिनच काय?

शिक्षकांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. वर्गात अवरक्त वर्णपटाचे यंत्र येणार नाही. पण दूरचित्रवाणीचा रिमोट घ्या, त्याच्या टोकाकडे भ्रमणध्वनीचा कॅमेरा धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकते. काही कॅमेऱ्यांत हे किरण गाळून टाकणारी काच असते. तेव्हा एका बाजूच्या कॅमेऱ्यात दिसले नाही तर दुसऱ्या बाजूचा वापरून पाहा. हर्शेलचा प्रयोग लोलक आणि काळ्या शाईने गोळा रंगवलेले तीन तापमापक एवढ्यात उन्हाळ्याच्या दुपारी होतो. घाई करू नका, पारा चढायला सात-आठ मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट मुळशी, वेल्हे, भोरपासून आंबोलीपर्यंतच्या घाटमाथ्यावरील शाळांसाठी. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावच्या शिवारातली वनस्पती कोणी व्यापारासाठी नेत असेल तर त्या लाभातला वाटा मागायचा पाया या नोंदीत आहे. मुलांना घेऊन ही वही भरण्यास हातभार लावा. झाडाचे गावातले नाव, त्याचा उपयोग, फुले-फळे येण्याचे महिने, जुनी माणसे काय सांगतात ते सारे लिहा. शास्त्रीय नाव मात्र जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना नमुना दाखवूनच घाला, नाही तर गुळवेलीची अमृता आणि नरक्याची अमृता एकाच ओळीत बसतील. आणि नरक्यासारखे झाड असेल तर त्याची नेमकी जागा फळ्यावर किंवा सूचनाफलकावर न लिहिता समितीच्या दप्तरातच ठेवा.